क्रिकेट गेमचे खरे मोल खेळाडूंच्या सह्यांत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

खेळांवरच्या व्हिडिओ गेमची बातमी वृत्तपत्रांत आली की बहुतेक वेळा एकच गोष्ट ठळक छापली जाते: अमुक संघटनेने आपले नाव अमुक कंपनीला इतक्या कोटींना दिले. वाचकाची समजूत होते की नाव मिळाले म्हणजे सगळे मिळाले. प्रत्यक्षात नाव हा या व्यवहाराचा सर्वांत दिखाऊ भाग असतो आणि बऱ्याचदा सर्वांत कमी कामाचा. मुंबई-पुण्यातले स्टुडिओ क्रिकेटचे गेम आधीपासून करत आहेत आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन व गेमिंग क्षेत्रासाठी धोरणही मंजूर केले. त्या धोरणावरच्या चर्चेत जमीन, अनुदान आणि रोजगार येतात, पण परवान्यांचा, म्हणजे खरी नावे, चिन्हे आणि चेहरे गेममध्ये वापरण्याच्या हक्कांचा, विषय कोणी काढत नाही. म्हणून हे पत्र, थोडे लांबले तरी.

सर्वांच्या ओळखीचे उदाहरण आधी घेऊ. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईए, या अमेरिकी कंपनीने १९९३ साली फिफा या जागतिक फुटबॉल महासंघाचे नाव लावून पहिला गेम काढला. पुढची तीस वर्षे ही मालिका चालली. ‘चल, फिफा खेळू’ असे एक मुलगा दुसऱ्याला म्हणतो तेव्हा मैदान कोणाच्याच मनात नसते, इतके ते नाव गेमला चिकटले होते. न्यूयॉर्क टाइम्सच्या ऑक्टोबर २०२१ मधल्या वृत्तानुसार ईए त्यासाठी वर्षाला सुमारे १५ कोटी डॉलर मोजत होती, आणि महासंघाला विश्वचषकाच्या दर चार वर्षांच्या चक्रासाठी १०० कोटी डॉलरहून अधिक हवे होते. मे २०२२ मध्ये दोघांनी काडीमोड जाहीर केला. तेव्हा अनेकांनी ईएचे दिवस भरले असे लिहिले. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘ईए स्पोर्ट्स एफसी २४’ या नव्या नावाने गेम आला आणि पहिल्या आठवड्यात १ कोटी १३ लाख लोकांनी तो खेळला. आदल्या वर्षी ‘फिफा २३’ ला पहिल्या आठवड्यात १ कोटी ३ लाख खेळाडू मिळाले होते.

हे घडले कारण गेमच्या आत जे दिसते त्यातले जवळजवळ काहीच महासंघाच्या मालकीचे नव्हते. ईएकडे ३०० हून अधिक वेगवेगळे परवाने होते. त्यांतून सुमारे १९ हजार खेळाडू, ७०० संघ आणि ३० लीग गेममध्ये येत होत्या. इंग्लंडची प्रीमियर लीग आपले हक्क स्वतः विकते, स्पेनची ला लीगा स्वतः विकते, चॅम्पियन्स लीगचे हक्क युएफा या युरोपीय महासंघाकडे आहेत, खेळाडूंच्या नावांचे हक्क त्यांची जागतिक संघटना फिफप्रो आणि क्लब यांच्याकडून येतात. महासंघाकडून मिळत होते ते वेष्टनावरचे नाव आणि दर चार वर्षांनी विश्वचषकाचे अधिकृत रूप. यातला विश्वचषक गेला, हे नुकसान खरेच. नवे नाव लोकांच्या तोंडी बसवायला पैसाही लागला. २०२३-२४ च्या हंगामापासून स्पॅनिश लीगच्या नावातच ‘ईए स्पोर्ट्स’ आले, ते काही फुकट नाही. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीला फुटबॉल मंदावल्याचे सांगून वार्षिक अंदाज घटवावा लागला. पण तो धक्का नाव बदलल्यानंतरच्या दुसऱ्या हंगामात बसला. लोक नावामुळे सोडून जाणार असते तर पहिल्याच वर्षी गेले असते.

परवाना हा एक कागद नसतो. एका फुटबॉल किंवा क्रिकेट संघाला पडद्यावर आणायचे तर निदान सहा-सात मालक निघतात. संघाचे नाव आणि बोधचिन्ह क्लबचे किंवा फ्रँचायझीचे. स्पर्धेचे नाव, चषक आणि धावफलकाची रचना लीगची किंवा मंडळाची. जर्सीवरच्या कपडे-कंपनीची खूण त्या कंपनीची, छातीवरचा प्रायोजक आणखी तिसऱ्याचा. मैदानाची वास्तू आणि मैदानाला विकलेले नाव वेगवेगळ्या हातांत असू शकते. समालोचकाचा आवाज समालोचकाचा. आणि खेळाडूचे नाव, चेहरा, क्रमांक, फलंदाजीची ढब ही खेळाडूची किंवा त्याने ज्याला सोपवली त्याची. अंगावरच्या गोंदणाचासुद्धा मालक निघतो. एनबीए २के या बास्केटबॉल गेममध्ये लेब्रॉन जेम्सची गोंदणे दिसतात म्हणून त्यांचे हक्क घेतलेल्या कंपनीने खटला भरला होता. मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने तो फेटाळला. पण कुस्तीच्या गेममधल्या रँडी ऑर्टनच्या गोंदणांबाबत इलिनॉयच्या ज्युरीने २०२२ मध्ये गोंदणकार स्त्रीच्या बाजूने कौल दिला आणि ३,७५० डॉलर भरपाई ठरवली. रक्कम किरकोळ, पण वकिलांचे बिल किरकोळ नसते. आज जाणते स्टुडिओ चेहरा स्कॅन करण्याआधी खेळाडूकडून गोंदणाबद्दल वेगळी सही घेतात, नाहीतर गेममध्ये त्याचे हात गोंदणाविना कोरे ठेवतात.

या थरांपैकी कोणता गेला तर काय होते, याचे अनुभव भरपूर आहेत. २०१९ मध्ये जपानच्या कोनामी या प्रतिस्पर्धी गेम कंपनीने इटलीच्या युव्हेंटस क्लबचे हक्क केवळ आपल्यासाठी घेतले. त्यामुळे ‘फिफा २०’ मध्ये तो संघ ‘पिएमोंते काल्चो’ या बनावट नावाने, वेगळ्या जर्सीत आला. खेळाडू मात्र खरे होते, कारण त्यांची नावे दुसऱ्या दाराने आली होती. रोनाल्डो त्या गेममध्ये पिएमोंतेकडून खेळला आणि लोकांनी चेष्टा करत का होईना तो खेळवला. ‘एफसी २५’ मध्ये मिलानचे दोन्ही मोठे क्लब असेच ‘मिलानो एफसी’ आणि ‘लोम्बार्डिया एफसी’ झाले. उलट कोनामीच्या जुन्या गेममध्ये मँचेस्टर युनायटेड ‘मॅन रेड’ आणि लिव्हरपूल ‘मर्सीसाइड रेड’ असे. तिथे चाहत्यांनीच जर्सी आणि चिन्हे तयार करून आपसात वाटली, आणि दहा मिनिटांत संघ पूर्ववत व्हायचा. चिन्ह आणि जर्सी गहाळ असेल तर लोक ती भरून काढतात. खेळाडू गहाळ झाले की मात्र गेम ओस पडतो. ब्राझीलमध्ये खेळाडूंचे हक्क एकगठ्ठा विकणारे कोणी नाही, प्रत्येकाशी वेगळा करार करावा लागतो, आणि न केल्यास दावे होतात. म्हणून तिथले क्लब ईएच्या गेममध्ये वर्षानुवर्षे कल्पित नावांच्या खेळाडूंसह आले किंवा आलेच नाहीत. ज्या देशाने पेले दिला त्याची लीग गेममध्ये अनोळखी माणसांची, ही स्थिती केवळ सह्या गोळा न झाल्यामुळे आहे. आपल्या क्रिकेटचे दुखणे नेमके हेच आहे, त्याकडे येतोच.

नाव गाळून बाकी सगळे हुबेहूब ठेवण्याची पळवाट बऱ्याच जणांना सुचते. ती अमेरिकेत महाग पडली. ईएच्या महाविद्यालयीन अमेरिकी फुटबॉलच्या गेममध्ये विद्यार्थी-खेळाडूंची नावे नव्हती, पण जर्सीचा क्रमांक, उंची, वजन, खेळण्याची जागा, मूळ राज्य हे सगळे जुळत होते. सॅम केलर या खेळाडूच्या दाव्यात २०१३ मध्ये अपील न्यायालयाने ही कलात्मक निर्मिती असल्याचा ईएचा बचाव मानला नाही. ती मालिका ‘एनसीएए फुटबॉल १४’ वर थांबली, आणि ईए व परवाना देणारी मध्यस्थ कंपनी यांनी ४ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. जर्मनीत गोलरक्षक ऑलिव्हर कान याने २००२ च्या विश्वचषकाच्या गेमवरून ईएला न्यायालयात खेचले आणि हॅम्बर्गमध्ये जिंकला. तिथे तर सामूहिक परवाना आहे असा कंपनीचा दावा होता, पण स्वतः कानची संमती सिद्ध झाली नाही. म्हणजे संघटनेकडून हक्क विकत घेताना त्या संघटनेकडे तो खेळाडू खरोखर बांधलेला आहे का, हे तपासणे खरेदीदाराचे काम. करारात ‘आमच्याकडे सर्व हक्क आहेत’ असे विकणाऱ्याने लिहून दिलेले वाक्य पुरत नाही. सभासदांची यादी, संमतिपत्राचा नमुना आणि दावा झाल्यास खर्च कोणाचा, हे तिन्ही लागते.

आता पैशांचे बघू. परवान्यात दोन रकमा असतात: गेम चालो न चालो द्यायची किमान हमी, आणि उत्पन्नावरची टक्केवारी म्हणजे रॉयल्टी. हमीची रक्कम रॉयल्टीतून वळती होते. समजा एखाद्या फ्रँचायझीने तीन हंगामांसाठी ५० लाखांची हमी आणि निव्वळ उत्पन्नाच्या १० टक्के रॉयल्टी मागितली. तर हमी वसूल व्हायला निव्वळ उत्पन्न ५ कोटी हवे. निव्वळ म्हणजे काय, यावर सगळे अडते. खेळणाऱ्याने गेममध्ये ११८ रुपये खर्च केले तर १८ रुपये जीएसटीचे. उरलेल्या १०० पैकी अ‍ॅप दुकान १५ ते ३० रुपये कापते. स्टुडिओच्या हाती ७० ते ८५ येतात. रॉयल्टी ११८ वर लावली तर ११ रुपये ८० पैसे जातात, ७० वर लावली तर ७. ३० टक्के कपात धरली तर ५ कोटी निव्वळसाठी लोकांनी जवळजवळ साडेआठ कोटी खर्च करायला हवेत, तेही त्या संघाशी जोडता येईल अशा वस्तूंवर. आणि मंडळ, फ्रँचायझी, खेळाडू अशा तिघांनी प्रत्येकी १० टक्के मागितले की ३० टक्के परवान्यांतच गेले. लहान स्टुडिओ इथेच बुडतात. उपाय एकच, पहिल्या करारापासून एकूण रॉयल्टीवर कमाल मर्यादा घालून घ्यायची, म्हणजे नवा मालक आला की आधीच्यांचा वाटा त्या प्रमाणात घटेल. दहा संघ घेतले असतील तर एका संघाच्या हमीची तूट दुसऱ्याच्या नफ्यातून भरली जाणार की नाही, तेही आधीच लिहून घ्यावे. मालकाला ते नको असते, स्टुडिओला हवे असते.

हा पैसा येतो कुठून, हेही बघायला हवे. ईएचे मोठे उत्पन्न गेमच्या विक्रीतून येत नाही, ते ‘अल्टिमेट टीम’ या प्रकारातून येते. त्यात खेळाडूंची चित्रे असलेली पाकिटे फोडून संघ जमवायचा असतो. २०२०-२१ च्या आर्थिक वर्षात त्यातून १६२ कोटी डॉलर आले. पाकिटात मेस्सी निघेल या आशेने लोक पैसे टाकतात, लीगचे चिन्ह निघेल म्हणून कोणी टाकत नाही. म्हणजे मिळकतीचा कणा खेळाडूचे नाव आहे. या पाकिटांत जुगाराचा अंशही आहे. बेल्जियमच्या नियामकाने आक्षेप घेतल्यावर जानेवारी २०१९ मध्ये ईएने तिथे पाकिटांसाठीचे गुण पैशाने विकणे बंद केले. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे गेम बंद केले आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. भारतीय गेममध्ये पाकिटे विकताना खेळाडूच्या करारात ‘कार्ड, पाकीट, लिलाव’ यांचा स्पष्ट उल्लेख हवा आणि जिंकलेली वस्तू रोखीत बदलता येणार नाही अशी रचनाही हवी. नाहीतर कायदा आणि खेळाडूचा वकील दोघेही एकाच आठवड्यात दारात उभे राहतील.

एकाधिकाराबद्दल थोडक्यात सांगतो. २००४ मध्ये एनएफएल या अमेरिकी फुटबॉल लीगचा ‘ईएसपीएन एनएफएल २के५’ हा प्रतिस्पर्धी गेम २० डॉलरना विकला गेला. ईएला आपल्या ‘मॅडन’ ची किंमत ३० डॉलरवर आणावी लागली. डिसेंबर २००४ मध्ये ईएने एनएफएल आणि खेळाडूंच्या संघटनेशी केवळ आपल्यापुरता करार केला, आणि पुढच्या वर्षीपासून एनएफएलचा दुसरा पूर्ण गेम बाजारात उरला नाही. प्रतिस्पर्ध्याने २००७ मध्ये निवृत्त खेळाडू आणि काल्पनिक संघ घेऊन गेम काढून पाहिला, पण ती मालिका पुढे गेली नाही. एकाधिकार विकणाऱ्याला एकदा मोठी रक्कम मिळते. खेळणाऱ्यांना मात्र पुढे वर्षानुवर्षे एकच गेम घ्यावा लागतो आणि तो सुधारण्याची घाई कोणालाच नसते. भारतीय क्रिकेट मंडळाने (बीसीसीआय) हा रस्ता धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

क्रिकेटचा इतिहास तर नावाच्या खेळाने भरलेला आहे. कोडमास्टर्स या कंपनीचा एकच गेम इंग्लंडात ब्रायन लाराच्या नावाने, ऑस्ट्रेलियात शेन वॉर्नच्या नावाने विकला गेला. २००७ चा लारा गेम भारतात ‘युवराज सिंग इंटरनॅशनल क्रिकेट’ झाला आणि ऑस्ट्रेलियात रिकी पाँटिंगचा. आतला गेम तोच, वेष्टन बदलले. एका माणसाची सही घेऊन दुकानातला ग्राहक थांबवायचा, हा हिशेब तेव्हा बरोबर होता, कारण गेम डब्यात विकला जात होता. आज तो फोनवर उतरतो आणि लोक आत शिरून संघ निवडतात. पुण्याच्या जेटसिंथेसिसने २०१७ मध्ये ‘सचिन सागा’ काढला. सचिनसारखे नाव भारतात दुसरे नाही, तरी एका सहीने एकच खेळाडू मिळतो, उरलेले एकवीस कुठून आणायचे हा प्रश्न उरतोच.

अधिकृत शिक्का असून गेम पडल्याचेही उदाहरण आहे. ‘अ‍ॅशेस क्रिकेट २०१३’ इतका अर्धवट होता की संगणकावर विक्रीला आल्यावर काही दिवसांतच मागे घ्यावा लागला आणि पैसे परत करावे लागले. त्यानंतर काही महिन्यांनी, २०१४ मध्ये, मेलबर्नच्या बिग अँट स्टुडिओने ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४’ आणला. त्यांच्याकडे संघांचे परवाने नव्हते, होते ते ब्रॅडमन यांचे नाव आणि खेळणाऱ्यांनी स्वतः खेळाडू घडवून इतरांना देण्याची सोय. लोकांनी जगभरचे संघ तयार केले आणि गेम गाजला. पुढे त्याच कंपनीला अ‍ॅशेसचा अधिकृत परवाना मिळाला. परवाना नसताना पाया कसा घालायचा, याचा याहून चांगला धडा आपल्या स्टुडिओंना मिळणार नाही. मात्र अशी सोय देताना खरे चेहरे आणि चिन्हे कंपनीने स्वतः कधीही पुरवू नयेत, आणि मालकाची तक्रार आली की ती वस्तू काढण्याची यंत्रणा पहिल्या दिवसापासून ठेवावी.

वेष्टनावर जिवंत माणसाचा चेहरा लावण्यातला धोकाही याच कंपनीने पाहिला. ‘क्रिकेट २२’ च्या मुखपृष्ठावर ऑस्ट्रेलियाचा कर्णधार टिम पेन होता. १९ नोव्हेंबर २०२१ ला त्याने कर्णधारपद सोडले, आणि २५ नोव्हेंबरला येणारा गेम २ डिसेंबरवर गेला, कारण चित्र बदलावे लागले. म्हणून खेळाडूच्या करारात वर्तनाचे कलम हवे. त्यात निलंबन, राजीनामा, गुन्हा दाखल होणे हे प्रसंग वेगवेगळे लिहावेत, आणि त्या दिवशी बदलण्यासाठी दुसरे चित्र तयार ठेवावे.

भारतीय संघाच्या जर्सीवरचा प्रायोजक हा तर चालता बोलता इशारा आहे. बायजूज गेले, जुलै २०२३ मध्ये ड्रीम११ आले, ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानंतर तेही गेले आणि सप्टेंबरमध्ये अपोलो टायर्स आले. ज्या गेममध्ये प्रायोजकाचे नाव जर्सीच्या चित्रातच रंगवलेले असते, तिथे प्रत्येक बदलाला सगळ्या जर्सी नव्याने कराव्या लागतात: घरची, बाहेरची, सरावाची, पुरुषांची, महिलांची. प्रायोजकाचा थर वेगळ्या फाइलमध्ये ठेवला आणि सर्व्हरवरून बदलता आला, तर काम काही तासांचे. आयपीएलमध्ये हीच गोष्ट खेळाडूंनाही लागू. लिलाव आणि अदलाबदल हंगामाच्या तीन-चार महिने आधी होते, जर्सी शेवटच्या काही आठवड्यांत दाखवली जाते, आणि फ्रँचायझी प्रत्येक चित्राला मान्यता द्यायला वेळ घेते. करारात दहा कामकाजी दिवसांची मुदत आणि त्यात उत्तर न आल्यास मान्यता मिळाली असे कलम नसेल, तर मार्चअखेरीस पहिला सामना सुरू होतो आणि गेममध्ये गतवर्षीचा संघ असतो. हार्दिक पंड्या मुंबईत परतला तरी गेममध्ये गुजरातचाच राहिला, तर लोक दोष फ्रँचायझीला देत नाहीत.

भारतातली खरी अडचण खेळाडूंच्या बाजूला आहे. आयपीएलचे नाव मंडळाचे, मुंबई इंडियन्सचे नाव त्या फ्रँचायझीचे, तिथवर दार ठोठावायला पत्ता आहे. फ्रँचायझी साधारणपणे संघाच्या गणवेशात तीन किंवा अधिक खेळाडू एकत्र दाखवण्याची मुभा देऊ शकते. पण गेममध्ये खेळाडू एकटा निवडला जातो, एकटा विकला जातो, आणि दुसऱ्या जर्सीतही घातला जातो. त्याला त्याची स्वतःची संमती लागते. बाकीच्या बहुतेक क्रिकेट-देशांत खेळाडूंच्या संघटना आहेत, त्या क्रिकेटपटूंच्या जागतिक संघटनेशी जोडल्या आहेत, आणि त्यांचे सामूहिक हक्क विनर्स अलायन्स ही कंपनी विकते. मुंबईच्या नॉटिलस मोबाइलने आपल्या ‘रिअल क्रिकेट’ साठी परदेशी खेळाडूंची नावे त्याच वाटेने घेतली. या नॉटिलसमध्ये कोरियाच्या क्राफ्टन या गेम कंपनीने २०२५ मध्ये १.४ कोटी डॉलर देऊन बहुसंख्य हिस्सा घेतला, तेव्हा हा उद्योग पोरखेळ राहिलेला नाही. भारतातील खेळत्या क्रिकेटपटूंची संघटना मात्र नाही. लोढा समितीच्या शिफारशींनंतर २०१९ मध्ये स्थापन झालेली भारतीय क्रिकेटपटू संघटना निवृत्तांची आहे. परिणाम असा की मुंबईत तयार झालेल्या गेममध्ये ऑस्ट्रेलियाचा खेळाडू खऱ्या नावाने येऊ शकतो आणि दादर-शिवाजी पार्कात वाढलेला फलंदाज एक-दोन अक्षरे बदललेल्या नावाने.

काही जण एप्रिल २०२३ च्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशाचा आधार घेतात. रारिओ या डिजिटल-कार्ड कंपनीने प्रतिस्पर्ध्याविरुद्ध मागितलेली मनाई न्यायालयाने नाकारली, आणि खेळाडूचे नाव, सार्वजनिक आकडेवारी व कल्पक रेखाटन यांवर कोणाची मक्तेदारी नाही असे म्हटले. पण तो अंतरिम आदेश होता आणि त्यात रेखाटने होती, त्रिमितीय स्कॅन नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंगच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने नक्कल करणाऱ्यांना रोखले. आपल्याकडे व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचा वेगळा कायदा नाही, जे आहे ते निकालांतून आलेले. त्यामुळे धावा, बळी, सरासरी वापरणे बऱ्यापैकी निर्धोक. चेहरा, आवाज आणि चाल यांना सही हवीच. समालोचकाच्या कराराचेही तसेच. ध्वनिमुद्रित वाक्ये वापरायची की त्यावरून नवी वाक्ये यंत्राने बनवायची, हे वेगवेगळे हक्क आहेत आणि त्यांचे मानधन वेगळे ठरावे.

मुदत संपण्याची तयारी तर कोणी करतच नाही. ईएने नाव बदलले तेव्हा फिफा-नावाचे आधीचे गेम डिजिटल दुकानांतून उतरवले. मोटारींच्या शर्यतीचा ‘फोर्झा होरायझन ४’ परवाने संपल्यामुळे डिसेंबर २०२४ मध्ये विक्रीतून गेला. ज्याने विकत घेतला त्याच्या हातातून तो काढून घेता येत नाही, पण नवा ग्राहक बंद. म्हणून करारात मुदतीनंतर विक्री आवरण्यासाठी निदान सहा महिने, आणि आधीच्या खरेदीदारांना गेम, जर्सी व कार्डे कायम वापरता येतील असे वाक्य हवे. चेहऱ्याच्या स्कॅनची मूळ फाइल कोणाकडे राहणार, कधी पुसणार, आणि ती यंत्राला शिकवायला वापरता येणार नाही, हेही लिहावे.

खेळत्या खेळाडूंची संघटना उद्या होईल असे दिसत नाही. तोवर एक मधला मार्ग शक्य आहे. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलचा गेम जुलै २०२४ मध्ये परत आला तेव्हा ईएने प्रत्येक खेळाडूला स्वतंत्र होकार विचारला, प्रत्येकी ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत दिली. दहा हजारांहून अधिक जणांनी होकार दिला. दर सगळ्यांना सारखा होता, नामांकितालाही आणि राखीवालाही, म्हणून घासाघीस झाली नाही. मुखपृष्ठावरच्यांचे करार वेगळे झाले. मंडळ आणि राज्य संघटना हंगामाच्या नोंदणीवेळी असाच ऐच्छिक अर्ज ठेवू शकतात. तो खेळण्याच्या करारात मिसळलेला नसावा, त्यावर वेगळी सही असावी आणि नकार दिल्याने निवडीवर परिणाम होणार नाही असे लिहिलेले असावे. मुदत दोन हंगाम. रक्कम थेट खेळाडूच्या खात्यात, संघटनेचा व्यवस्थापन खर्च आधी जाहीर केलेल्या टक्क्यांत. परवाना एकाच कंपनीला नव्हे, ठरलेल्या दराने मागेल त्या प्रत्येक स्टुडिओला. मोठे तारे यात येणार नाहीत, त्यांचे प्रतिनिधी वेगळा भाव मागतील, मागू देत. रणजीचे, महिला संघांचे आणि १९ वर्षांवरील वयोगटातले खेळाडू आले तरी गेममधले बहुतेक संघ खऱ्या नावांनी भरतील. सुरुवात मुंबई आणि महाराष्ट्र या दोन संघटनांनी केली तर नोंदणीचा पुढचा हंगाम पुरेसा आहे.

कळावे,
आपला,
क्रीडा-परवान्यांच्या करारांचे काम करणारा एक वाचक, पुणे